मामा म्बोगाचे शंभर शिलिंग

पत्र नैरोबीहून आलंय, लिहिणारी मात्र कोल्हापूरच्या मंगळवार पेठेतली. वय 24. समाजकार्याचं शिक्षण झालं, दोन वर्षं इथंच नोकरी केली आणि मग सहा महिन्यांसाठी केनियात गेली, एका वस्तीतल्या शाळेत स्वयंसेवक म्हणून. सकाळी मुलांना गणित शिकवते, दुपारी शाळेचं छोटं वाचनालय सांभाळते. पत्र मोठं आहे. ओळख पटेल असं सगळं काढून बाकीचं तिच्याच शब्दांत देते.

“मावशी, तीन आठवड्यांपूर्वी शाळेतून परत येताना मागून बोडा-बोडा आली. म्हणजे इथली भाड्याची मोटारसायकल. मागं बसलेल्यानं माझी पर्स ओढली. मी सोडली नाही, म्हणून दहा-बारा पावलं फरफटत गेले, मग पट्टा तुटला. फोन गेला, पैसे गेले, मुलांच्या पुस्तकांची यादी गेली, आजीनं दिलेली अंबाबाईच्या कुंकवाची डबी गेली. मी ओरडले. तेवढ्यात कुणीतरी ‘म्वीझी’ म्हणून ओरडलं, म्हणजे चोर. गाडी कधीच निघून गेली होती, पण लोकांनी कोपऱ्यावरच्या एका पोराला धरलं. पंधरा-सोळा वर्षांचा असेल. तो त्यांच्यातला होता का, मला माहीत नाही. त्याला मारायला लागले. भाजी विकणाऱ्या एका बाईनं मला ओढून तिच्या खोक्यावर बसवलं आणि माझं तोंड भिंतीकडे फिरवलं. अशा बायकांना इथं मामा म्बोगा म्हणतात. तिनं गुडघा धुतला, स्वतःचा लेसो, म्हणजे कमरेला गुंडाळायचं कापड, फाडून बांधला. सारखी ‘पोले, पोले’ म्हणत होती. निघताना मटाटूच्या, म्हणजे इथल्या मिनीबसच्या, भाड्याला शंभर शिलिंग हातात कोंबले. दुसऱ्या दिवशी परत द्यायला गेले तर घेतले नाहीत.

आता मोटारसायकलचा आवाज आला तरी मी दचकते. रस्त्यावरचा प्रत्येक तरुण पोरगा मला चोर वाटतो, आणि त्यातले कितीतरी माझ्या वर्गातल्या मुलांचे भाऊ आहेत. स्वतःचीच लाज वाटते. रात्री तो मार खाणारा पोरगा दिसतो. घरी सांगितलेलं नाही. फोनची स्क्रीन फुटली म्हणून सांगितलंय. बाबा आधीपासून नको म्हणत होते. तीन महिने राहिलेत. परत येऊ का? आणि त्या बाईचे उपकार कसे फेडू?”

पोरी, सगळ्यात आधी गुडघा. जखम भरली असेल, पण रस्त्यावर खरचटल्यावर धनुर्वाताचं इंजेक्शन घेतलंस का, ते तू लिहिलेलं नाहीस. शेवटचं कधी घेतलं होतंस ते आठवत नसेल, तर तिथल्या दवाखान्यात एकदा दाखव. फरफटत गेलीस म्हणतेस, म्हणजे खांद्यालाही हिसका बसला असणार. हात वर करताना दुखत असेल तर तेही सांग.

आणि पुन्हा असं झालं तर पर्स सोड. लगेच सोड. मला माहीत आहे, हे सांगणं सोपं आहे. तेव्हा आपण विचार करून धरत नाही, मूठ आपोआप आवळते. म्हणून ते आधीच ठरवून ठेवायचं असतं: माझ्या अंगावरची कुठलीही वस्तू ओढली तर मी ती देणार. रोज घरातून निघताना मनाशी एकदा म्हण. चालत्या गाडीनं ओढलेली पर्स धरून ठेवणाऱ्या बायकांची डोकी फुटलेली आहेत. तुझा गुडघा गेला आणि डोकं वाचलं, हे मला पत्र वाचताना दोनदा थांबून स्वतःला सांगावं लागलं.

माझंही असंच झालं होतं. बारा-तेरा वर्षं होऊन गेली. रंकाळ्यावर सकाळी सहाला फिरायला गेले होते. समोरून मोटारसायकल आली, मागच्यानं मंगळसूत्र ओढलं. अर्धी वाटी माझ्या मुठीत राहिली, अर्धं त्यांच्याबरोबर गेलं. मानेवर दोऱ्यासारखा लाल वळ उठला होता, तो आठ दिवस होता. गंगावेशीत दूध घालून परतणारा एक गवळी एम-एटीवरनं चालला होता. तो थांबला. त्याच्या गाडीला दोन्ही बाजूंना दूध संपलेल्या किटल्या. मला उठवलं, किटलीतल्या पाण्यानं तोंड धुवायला लावलं आणि मागं बसवून दारापर्यंत आणून सोडलं. दुधाचा वास येणारं ते पाणी मला अजून आठवतं. त्याचं नाव मी विचारलं नाही. नंतर कितीतरी दिवस पहाटे गंगावेशीत दुधाच्या कट्ट्यावर जाऊन बघितलं, म्हशी पिळणारे, ग्लासातनं धारोष्ण दूध पिणारे सगळे दिसले, तो काही दिसला नाही.

त्यानंतर आठ महिने मी रंकाळ्याला गेले नाही. माझं घर तिथून चालत सात मिनिटांवर. भाजीला जाताना लांबून जायचे. दुचाकीवर दोघं तरुण दिसले की पदर गळ्याभोवती आवळायचे. आणि बाहेरच्यांपेक्षा आपल्याच माणसांचं एक वाक्य मला जास्त लागलं होतं: “एवढं सोनं घालून अंधारात फिरायला कशाला जायचं?” तक्रार लिहून घेणाऱ्यानंही तेच विचारलं आणि घरातल्या मोठ्यांनीही. तू बाबांना का सांगितलं नाहीस, ते मला न विचारता कळतंय. पण त्याच्याकडे शेवटी येते.

आता तुझी लाज. तू लिहिलंयस की प्रत्येक पोरगा चोर वाटतो आणि त्याची शरम वाटते. यातल्या दोन गोष्टी वेगळ्या कर. दचकणं हे शरीराचं काम आहे. मागून गाडी आली आणि दुखापत झाली, एवढं शरीरानं नोंदवून ठेवलंय आणि ते तुला वाचवायला बघतंय. त्यात लाज वाटण्यासारखं काहीच नाही. पहिले काही आठवडे झोप उडणं, तेच तेच डोळ्यांसमोर येणं, आवाजाला दचकणं हे बहुतेकांना होतं आणि बहुतेकांचं हळूहळू ओसरतं. महिना उलटून गेला तरी झोप येत नसेल, शाळेत जाणं टळू लागलं, जेवण जाईना, तर मात्र समुपदेशकाशी बोल. आता फोनवरून, व्हिडिओवरून मराठीत बोलणारे समुपदेशक मिळतात. असलं दुखणं परक्या भाषेत सांगू नये असं माझं मत आहे, ते नीट सांगताच येत नाही.

दुसरी गोष्ट म्हणजे चेहऱ्यांवरचा संशय. तो शरीराचा नाही, तो आपण शिकतो आणि म्हणून सोडताही येतो. मी स्वतःला एक नियम घातला होता, तो तुला देते. सावधपणा हातात ठेवायचा, डोळ्यांत ठेवायचा नाही. म्हणजे काय ते सांगते.

केनियात वाहनं आपल्यासारखीच डावीकडून चालतात. तेव्हा तू रस्त्याच्या उजव्या कडेनं चाल, म्हणजे गाड्या समोरून येताना दिसतील, पाठीमागून अंगावर येणार नाहीत. पर्स रस्त्याच्या बाजूला नको, भिंतीच्या बाजूला. तिरकी अडकवलेली पर्स सुरक्षित वाटते, पण ओढली तर माणूस तिच्याबरोबर जातो, हे तुला आता सांगायला नको. साधी कापडी पिशवी बरी, बाजाराची, जी सुटू शकते. रस्त्यानं चालताना फोन बाहेर काढायचाच नाही. रस्ता बघायचा असेल तर दुकानात शिरायचं, तिथं उभं राहून बघायचं. मटाटूत खिडकीशी बसलीस तर काच लावून घे, कारण थांबलेल्या गाडीच्या उघड्या खिडकीतून फोन उचलणं हा तिथला जुनाच प्रकार आहे. पासपोर्ट तू खोलीवर ठेवला होतास आणि जवळ फक्त झेरॉक्स होती, हे पत्रात ओझरतं लिहिलंयस. ते फार शहाणपणाचं केलंस. तो गेला असता तर उच्चायुक्तालयाच्या फेऱ्या लागल्या असत्या आणि घाईत परतायचं झालं असतं तर एकदाच्या प्रवासापुरतं आणीबाणीचं प्रमाणपत्र घेऊन सरळ भारतात यावं लागलं असतं.

हे सगळं केलं की मग चेहरे वाचायची गरज राहत नाही, आणि तेच मला सांगायचंय. पिशवीत जाण्यासारखं काही नसेल तर समोरून येणाऱ्या पोराकडे तुला माणूस म्हणून बघता येतं. माझं मंगळसूत्र घरी राहायला लागलं तेव्हा मला पहिल्यांदा दुचाकीवरच्या पोरांचे चेहरे नीट दिसले. त्यातला एक तर माझ्या विद्यार्थिनीचा भाऊ निघाला.

तू शाहू महाराजांच्या गावची आहेस, म्हणून एक आठवण करून देते. 1871 साली इंग्रजांनी कायदा केला आणि कितीतरी जमातींना जन्मानंच गुन्हेगार ठरवलं. पोलिसांत हजेरी द्यायची, परवानगीशिवाय गाव सोडायचं नाही. तो शिक्का कायद्यानं पुसायला 1952 उजाडलं. लोकांच्या नजरेतनं तो अजून पुरता गेलेला नाही. फासेपारधी दिसला की चोर, असं सगळा मुलूख म्हणत असताना महाराजांनी त्याच फासेपारध्यांना बोलावून घेतलं, राहायला जागा दिली आणि पहाऱ्यावर नेमलं. ज्यांच्या भीतीनं लोक दारं लावत होते, त्यांच्याच हाती राखण दिली. तुला त्या वस्तीतल्या पोरांना पहाऱ्यावर नेमता येणार नाही. पण तुझ्या वर्गातल्या मुलांना घरी जाताना “चला, मला स्टॉपपर्यंत सोडा” असं सांगता येईल. थोरल्या भावांना बोलाव. बघ, महिन्याभरात त्या रस्त्यावरचे वीस चेहरे नावानं ओळखीचे होतील. अनोळखी रस्त्यावर मला एवढा चांगला उपाय दुसरा सापडलेला नाही.

रंकाळ्याला मी अशीच परत गेले. शेजारच्या वहिनी बरोबर यायच्या. पहिल्या दिवशी नुसतं कट्ट्यावर बसलो, गाड्यांचे आवाज ऐकत. चौथ्या-पाचव्या दिवशी त्या जागेवरनं चाललो. पाय लटपटत होते. तूही त्या कोपऱ्यावर दिवसाउजेडी, कुणाला तरी बरोबर घेऊन जा. रोज थोडा वेळ थांब. तो रस्ता टाळत राहिलीस तर भीती त्या रस्त्यापुरती राहत नाही, शेजारच्या गल्लीत पसरते.

आता त्या पोराचं. पत्रातला सगळ्यात जड भाग हा आहे आणि तू तो मधेच दोन-तीन ओळींत लिहिलायस.

त्याला तू मारलं नाहीस. “चोर” असंही तू ओरडली नव्हतीस, आणि ओरडली असतीस तरी काय होतं हे तुला ठाऊक नव्हतं. तिथं तो शब्द उच्चारला की जमाव जमतो आणि माणसाचा जीवही जातो, हे आता तुला कळलंय. पुढं कधी वेळ आली तर “वाचवा”, “मदत करा” म्हण, तो शब्द नको. पण एक लक्षात ठेव, म्हणजे “इथली माणसं अशीच” हा विचार मनात शिरणार नाही. आपल्या धुळे जिल्ह्यात राईनपाड्याला 1 जुलै 2018 ला पाच जणांना जमावानं ठेचून मारलं. भिक्षा मागत फिरणारी नाथपंथी डवरी गोसावी समाजाची माणसं ती, मुलं पळवणारे समजून मारली. भर बाजारच्या दिवशी. ती गर्दी आपल्याच महाराष्ट्रातली होती. पोलिसांवरचा भरवसा उडालेला आणि कुणीतरी एक शब्द ओरडतो, एवढं झालं की कुठल्याही मुलखात तेच होतं.

तू आता काय करायचंस? शाळेच्या मुख्याध्यापकांना जाऊन सगळं सांग आणि त्या पोराचं काय झालं ते शोधून द्या म्हण. त्यांना वस्ती माहीत असते. एकटीनं त्याच्या घरी जाऊ नकोस, पैसे घेऊन तर मुळीच जाऊ नकोस. त्याचा अर्थ तिथं काय लावला जाईल हे तुला-मला कळणार नाही. दवाखान्याची गरज असेल तर ती मदत शाळेमार्फत होऊ दे. आणि पोलिसांनी कधी ओळखायला बोलावलं, समोर एखाद्याला उभं केलं, आजूबाजूचे सगळे “हाच, हाच” म्हणाले, तरी तू बघितलेलं नाहीस तर “मी ओळखत नाही” एवढंच सांग. तिथं भिडेनं मान हलवू नकोस. तो पोरगा खरंच त्यांच्यातला असला तरीही हेच सांगायचं, कारण तू बघितलेलं नाहीस. तुझ्या हातात असलेली ही एकच गोष्ट आहे आणि ती मोठी आहे. रात्री तो दिसेल तेव्हा हे आठव.

आणि आता तुझी मामा म्बोगा. किती गंमत आहे बघ, आपल्याकडे मामा म्हणजे आईचा भाऊ आणि तिथं मामा म्हणजे आईच. भाजीवाल्या आईनं तुझं तोंड भिंतीकडे फिरवलं, हे तिनं सगळ्यात मोठं काम केलं. गुडघा कुणीही धुतला असता.

तिची ती ‘पोले’ मी बराच वेळ मनात घोळवली. स्वाहिली या तिथल्या भाषेत ती कुणाच्याही दुखण्याला म्हणतात, स्वतःची चूक नसली तरी. ठेच लागली तरी पोले, कुणी गेलं तरी पोले. आपण कोल्हापुरात “लागलं काय गं?” म्हणतो, तसंच काहीसं. पण आपल्याकडे तो प्रश्न असतो, तिथं नुसतं शेजारी येऊन बसणं असतं.

उपकार कसे फेडू, असं तू विचारतेस. मला वाटतं, तुला चोरीइतकंच हेही टोचतंय. तू तिथं देणारी म्हणून गेलीस. शिकवायला, मदत करायला. आणि एका संध्याकाळी रस्त्यावर बसून तुला घ्यावं लागलं. तेही कुणाकडून, तर दिवसभर सुकुमा विकी या पालेभाजीच्या जुड्या विकून चार पैसे मिळवणाऱ्या बाईकडून. शंभर शिलिंग तिला किती मोठे असतील हे तुला कळतं, म्हणून तुझा जीव तुटतो. दुसऱ्या दिवशी लगेच पैसे घेऊन गेलीस त्यात प्रामाणिकपणा होता, पण पुन्हा देणाऱ्याच्या जागेवर जाऊन उभं राहायची घाईही होती. तिनं घेतले नाहीत, हे बरंच झालं म्हणते मी.

माझी आजी वळिवड्याची. दुसऱ्या महायुद्धात पोलंडची माणसं, बहुतेक बायका आणि मुलं, तिथल्या छावणीत राहत होती. 1943 ते 1948. जवळजवळ पाच हजार माणसं. रशियानं घरादारासकट उचलून सैबेरियात नेलेली, तिथून इराणमार्गे आलेली. कुणाचा नवरा गेलेला, कुणाचं लेकरू वाटेत गेलेलं. ती परत गेल्यावर त्याच जागेत फाळणीत उखडलेले सिंधी आले आणि आजचं गांधीनगर वसलं. महावीर गार्डनमधला त्या पोलिश लोकांच्या आठवणीचा स्तंभ तू पाहिला असशील. आजी छावणीत भाजी विकायला जायची. ती सांगायची की सुरुवातीला त्या बायका भाव विचारायच्याच नाहीत. आजी सांगेल तेवढे पैसे मान खाली घालून द्यायच्या आणि पटकन आत जायच्या. आजीला ते फार लागायचं. मग एक दिवस त्यातल्या एकीनं दोडक्याच्या भावावरनं बोटांच्या खुणांनी कडाक्याची घासाघीस केली. दोघी हातवारे करून भांडल्या आणि शेवटी दोघीही हसायला लागल्या. आजी म्हणायची, “त्या दिशी ती माझी शेजारीण झाली.” निघून जाताना त्या बाईनं स्वतः भरतकाम केलेला रुमाल दिला होता. निळ्या दोऱ्याची फुलं होती त्याच्यावर. कडा विरल्या तरी आजीच्या ट्रंकेत तो शेवटपर्यंत होता.

तेव्हा तू त्या मामा म्बोगाची गिऱ्हाईक हो. रोजची. तिच्याकडूनच भाजी घे आणि भाव कर. दुका म्हणजे दुकान, गारी म्हणजे गाडी, चाय आणि चपाती तर आपलीच, एवढ्या भांडवलावर घासाघीस चालू करता येते. सुकुमा विकी कशी करतात ते तिला विचार, तिच्यासमोर बसून शीक. एखाद्या रविवारी तिला आपली भाकरी खायला घाल. ज्वारीचं पीठ तिथं मिळतं. तिची मुलं शाळेत असतील तर त्यांच्या अभ्यासाकडे बघ, पण त्या शंभर शिलिंगांच्या बदल्यात म्हणून नव्हे. ते शंभर शिलिंग तुझ्याकडेच राहू देत. काही देणी अंगावर असली म्हणजे त्या गावाशी आपलं नातं राहतं. माझ्या गवळ्याचं माझ्या अंगावर आहेच, आणि त्याच्यामुळेच गंगावेशीत मला कधी परकं वाटलेलं नाही.

परत यायचं का, याचं उत्तर आत्ता देऊ नकोस. दचकत असताना घेतलेले निर्णय नंतर टोचतात, राहण्याचेही आणि येण्याचेही. दोन आठवड्यांनंतरची एक तारीख ठरव आणि कॅलेंडरवर खूण कर. तोपर्यंत मी सांगितलेल्या गोष्टी करून बघ. त्या तारखेला झोप लागत असेल, वर्गात मन लागत असेल तर राहा. नसेल तर ये. तू शपथ घेऊन गेलेली नाहीस. आलीस तर हरून आलीस असं कुणाला म्हणू देऊ नकोस, आणि स्वतःही म्हणू नकोस.

आता घरचं. घरी सांगायचंच आहे, आणि त्याला मन मोकळं करण्यापलीकडची साधी व्यावहारिक कारणं आहेत. चोरीला गेलेल्या फोनात तुझं भारतातलं सिम होतं. बँकेचे ओटीपी त्यावरच येतात. ते सिम अजून बंद केलं नसशील तर आज हे वाचून झाल्याबरोबर कर. तिथल्या कुणाच्या तरी फोनवरून कंपनीला आणि बँकेला फोन लावून सिम, कार्ड आणि यूपीआय बंद करायला सांग. मेलचा पासवर्ड बदल आणि जुन्या फोनवरचं खातं बाहेर काढ. तीन आठवडे झालेत, म्हणून खात्यावरचे व्यवहारही एकदा डोळ्यांखालून घाल. तोच नंबर नव्या सिमवर परदेशातून मिळणं अवघड असतं, तिथं बाबांना दुकानात जाऊन चौकशी करावी लागेल. केनियाच्या सिमचं मात्र सोपं आहे. पासपोर्ट घेऊन कंपनीच्या दुकानात गेलीस की तोच नंबर परत मिळतो, आणि एम-पेसातले, म्हणजे तिथल्या फोनवरच्या पाकिटातले, पैसे हँडसेटमध्ये नसतात, त्या नंबराच्या खात्यात असतात. पिन कुणाला ठाऊक नसेल तर ते तसेच असतील. (आपलं यूपीआय 2016 चं. केनियात फोनवरून पैसे पाठवणं 2007 पासून चालू आहे. आपण तिथं शिकवायला जातो तेव्हा हेही माहीत असावं.)

पोलिसांकडे नोंद केली नसशील तर आता कर. उशीर झाला तरी कर. ते जो कागद देतात त्याला तिथं अ‍ॅबस्ट्रॅक्ट म्हणतात. विम्याचा दावा करायचा तर तो लागतोच. मुदत पॉलिसीत बघ, आणि उलटून गेली असली तरी विचारून बघायला काही लागत नाही. नोंद करताना संस्थेतलं कुणीतरी तिथलं माणूस बरोबर ने. फोनचा पंधरा आकडी आयएमईआय नंबर विचारतील, आणि तो फोनच्या खोक्यावर छापलेला असतो. ते खोकं मंगळवार पेठेत तुझ्या कपाटात असणार. म्हणजे कुणाला तरी कपाट उघडावं लागणार.

बाबा रागावतील. रागावू देत. माझे रागावले होते आणि त्याच संध्याकाळी माझ्याबरोबर तक्रार द्यायला रांगेत उभे होते. बोलताना आधी “मी बरी आहे, दवाखान्यात दाखवलंय” हे सांग, मग चोरीचं, आणि मग त्या बाईचं. क्रम बदलू नकोस. त्या बाईचं आधी सांगितलंस तर तू काहीतरी झाकतेयस असं आईला लगेच कळेल. स्क्रीन फुटल्याचं खोटं बोलले, तेही सांगून टाक. पोराच्या माराचं आईला त्याच फोनवर सांगायचं का, ते तू ठरव. मला वाटतं, बाबांना सांगशील. असलं त्यांना जास्त कळेल.

रविवारी कर फोन. तुझ्याकडे साडेआठ वाजले की इथं अकरा वाजलेले असतात. बाबा मटण घेऊन परतलेले असतील, आई पांढऱ्या रश्श्याला खोबरं वाटत असेल, फोन स्पीकरवर टाकून ती नेहमीसारखं “जेवलीस काय?” विचारेल. तेव्हा सांग, आणि बाबांना कपाटातलं खोकं शोधायला लाव.